रिपोर्टमधली चित्रं काढायची, पण रिपोर्ट मोडू द्यायचा नाही

एकाच रिपोर्टमधले फोटो काढायचे असतील तर स्क्रिप्टच्या भानगडीत पडू नका. फाइल उघडा, फोटो निवडा, डिलीट दाबा, नव्या नावाने सेव्ह करा. अडचण येते ती ढीग समोर आल्यावर. वर्षानुवर्षांचे तपासणी अहवाल, प्रत्येकात फोटो, स्क्रीनशॉट, स्कॅन केलेल्या सह्या, आणि प्रत्येक फाइल वेगळ्या माणसाने वेगळ्या पद्धतीने बनवलेली. इथे टूल लागतंच. पण टूल दोन उलट दिशांनी चुकू शकतं. एक तर ते चित्रांसोबत मजकूर, आलेख आणि समीकरणंही उडवतं. नाहीतर पानावरून चित्र जातं आणि फाइलच्या पोटात जसंच्या तसं राहतं. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही.

इथे मुख्य भर वर्डच्या डॉक्स फाइलींवर आहे, कारण बहुतेक रिपोर्ट तिथेच जन्मतात. पीडीएफ आणि इतर प्रकार शेवटी येतील.

आधी कारण ठरवा

फाइल जड झाली म्हणून चित्रं काढायची असतील तर थांबा. वर्डमधल्या "कॉम्प्रेस पिक्चर्स"ने रिझोल्यूशन कमी करून बहुतेक वेळा भागतं आणि रिपोर्टही शाबूत राहतो. फक्त मजकूर हवा असेल, म्हणजे तो शोधयंत्रणेत किंवा भाषेच्या मॉडेलमध्ये घालायचा असेल, तर मूळ फाइलला हातच लावू नका. पॅनडॉकसारख्या साधनाने मजकूर वेगळा काढून घ्या. चित्रं खरोखर काढायची वेळ येते ती गोपनीयतेसाठी. फोटोत माणसांचे चेहरे आहेत, स्क्रीनशॉटमध्ये खात्यांचे तपशील आहेत, आणि रिपोर्ट बाहेर द्यायचा आहे. पुढचं सगळं या तिसऱ्या कारणासाठी आहे. इथे "जवळजवळ सगळी चित्रं निघाली" याला काही किंमत नाही.

डॉक्सच्या आत काय असतं

डॉक्स ही प्रत्यक्षात झिप फाइल आहे. एखाद्या प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडून पाहा. हा साचा 2006 साली एक्मा-376 या मानकात आला आणि 2008 साली आयएसओ 29500 झाला. म्हणजे टूलला अंदाजावर चालायची गरज नाही, रचना लिहून ठेवलेली आहे.

मुख्य मजकूर "वर्ड" फोल्डरमधल्या डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतो आणि चित्रं शेजारच्या "मीडिया" फोल्डरमध्ये. मजकुरात चित्र नसतं, फक्त एक खूण असते: ड्रॉइंग नावाच्या घटकात खोलवर ब्लिप नावाचा घटक, आणि त्यावर आरआयडी5 असा काहीतरी क्रमांक. हा क्रमांक म्हणजे कुठली फाइल, हे तिसऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, "रेल्स" एक्स्टेन्शनच्या रिलेशन-यादीत. शिवाय हेडर, फूटर, तळटीपा, कॉमेंट्स या प्रत्येकाची यादी वेगळी असते. हेडरमधला आरआयडी5 आणि मजकुरातला आरआयडी5 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

म्हणजे चित्र तीन ठिकाणी आहे: खूण, नोंद आणि फाइल. मीडिया फोल्डर रिकामं करून झिप बंद केलीत तर खुणा आणि नोंदी लोंबकळत राहतात, आणि वर्ड एकतर चित्राच्या जागी फुली दाखवतं किंवा फाइल खराब असल्याची तक्रार करतं. उलट, फक्त खूण काढून टाकणारी स्क्रिप्ट चित्राची फाइल आतच ठेवून देते. पानावर काही दिसत नाही, पण झिप उघडणाऱ्या कुणालाही ती मिळते.

ड्रॉइंग म्हणजे चित्र नव्हे

"सगळे ड्रॉइंग घटक शोधा आणि काढून टाका" ही कल्पना सगळ्यांना पहिल्यांदा सुचते. ती वापरू नका.

ड्रॉइंगमध्ये टेक्स्ट बॉक्सही असतात. अनेक रिपोर्टांत "महत्त्वाचे निष्कर्ष" अशा चौकटीतच लिहिलेले असतात. ड्रॉइंग गेलं की निष्कर्ष गेले. आलेख आणि स्मार्टआर्टसुद्धा ड्रॉइंगच असतात. एखाद्या गटात फोटो आणि त्यावरच्या बाणांची लेबलं एकत्र बांधलेली असतात. उलटंही होतं: आयताकृती आकाराला फोटोची "फिल" दिलेली असते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या तो आकार असतो, चित्र नसतं, पण आत फोटो पूर्ण असतो.

जुन्या फाइलींमध्ये, आणि नव्या फाइलींच्या वॉटरमार्कमध्ये, व्हीएमएल नावाची जुनी पद्धत सापडते. तिथे ब्लिपऐवजी इमेजडेटा हा घटक असतो. काही वेळा एकाच चित्राच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी असतात, एक नव्या वर्डसाठी आणि एक जुन्यासाठी. एकच काढली तर दुसरी उरते.

समीकरणांचा सापळा विज्ञान-अभियांत्रिकीच्या रिपोर्टांत हमखास भेटतो. जुन्या इक्वेशन एडिटर 3 ने लिहिलेलं समीकरण ऑब्जेक्ट म्हणून साठवलेलं असतं आणि पानावर दिसतं ते त्याचं डब्ल्यूएमएफ या विंडोजच्या जुन्या प्रकारातलं चित्र. तो एडिटर सुरक्षेच्या त्रुटींमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2018 मध्ये ऑफिसमधून काढून टाकला. म्हणजे ते चित्र पुसलं की समीकरण वाचकाच्या दृष्टीने गेलंच. त्यामुळे डब्ल्यूएमएफ आणि त्याच्यानंतरच्या ईएमएफ प्रकारच्या फाइलींना सरसकट हात न लावता त्यांची वेगळी यादी करून माणसाच्या नजरेखालून घाला, असं माझं ठाम मत आहे.

दिसत नाहीत ती चित्रं

गोपनीयतेचं काम असेल तर हा भाग दोनदा वाचा.

वर्डमध्ये फोटो क्रॉप केला की कापलेला भाग लपतो, जात नाही. कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये "क्रॉप केलेले भाग काढा" हा पर्याय चालवेपर्यंत पूर्ण फोटो फाइलमध्ये राहतो. वर्डबाहेर क्रॉप केलं तरी निश्चिंत राहता येतं असं नाही. मार्च 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमधली त्रुटी उघड झाली, पाठोपाठ विंडोजच्या स्निपिंग टूलमधलीही: कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलीत मूळ चित्राचा काही भाग शेपटीला शिल्लक राहत होता. रिपोर्टांत स्क्रीनशॉट भरपूर असतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

फोटोला वर्डमधला कलात्मक इफेक्ट दिला, म्हणजे धूसर केलं किंवा पेन्सिल-स्केचसारखं केलं, तर मूळ फोटो डब्ल्यूडीपी एक्स्टेन्शनच्या वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवला जातो. चेहरा धूसर करून समाधान मानणाऱ्यांनी एकदा आपल्या फाइलचं मीडिया फोल्डर उघडून पाहावं.

ट्रॅक चेंजेस चालू असताना काढलेलं चित्र बदल स्वीकारेपर्यंत फाइलमध्येच असतं. एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या वर्णनातून बनणाऱ्या, चित्रासोबत त्याची पीएनजी प्रत असते. "डॉकप्रॉप्स" फोल्डरमध्ये पहिल्या पानाचं लघुचित्र असू शकतं. चित्रांचे बुलेट नंबरिंगच्या भागात असतात आणि थीमच्या भागातही चित्रं असू शकतात. रिपोर्टमध्ये एक्सेल शीट किंवा दुसरा डॉक्स जोडलेला असेल तर तो "एम्बेडिंग्ज" फोल्डरमध्ये अख्खा बसलेला असतो, त्याच्या स्वतःच्या चित्रांसकट. आलेखांमागचं वर्कबुकही तिथेच. आलेख हे चित्र नाही, पण पानावर पाच स्तंभ दिसत असताना त्यामागे संपूर्ण तक्ता बाहेर जाऊ शकतो.

आणि चित्राचा पर्यायी मजकूर. चित्र गेलं तरी त्याचं वर्णन, मूळ फाइलनाव, काही जुन्या फाइलींत तर संगणकावरचा पूर्ण पत्ता, खुणेवर तसाच राहतो.

उपटण्यापेक्षा बदलणं बरं

आता टूलची पद्धत. खूण, नोंद आणि फाइल तिन्ही काढण्याऐवजी मी बहुतेक कामांत वेगळा मार्ग सुचवेन: खूण तशीच ठेवा आणि तिच्यामागची फाइल बदला. एक छोटी, सपाट राखाडी रंगाची पीएनजी तयार करा आणि काढायच्या चित्रांच्या सगळ्या नोंदी तिच्याकडे वळवा. अनेक नोंदींनी एकाच फाइलकडे बोट दाखवणं नियमात बसतं.

याचा फायदा मांडणीत दिसतो. चित्राची पानावरची लांबी-रुंदी फाइलमध्ये नसते, खुणेवर असते, ईएमयू नावाच्या एककात: एका इंचाला 914400, एका सेंटीमीटरला 360000. त्यामुळे इवलीशी राखाडी पीएनजी ताणली जाऊन बरोबर तेवढीच जागा व्यापते. पानं सरकत नाहीत, अनुक्रमणिका चुकत नाही, "आकृती 7 पाहा" हा संदर्भ योग्य जागी पोचतो. टेक्स्ट बॉक्स आणि गट सुरक्षित राहतात, कारण आपण ड्रॉइंगला हातच लावलेला नसतो. वाचकालाही कळतं की इथे काहीतरी होतं आणि ते मुद्दाम काढलं आहे. राखाडी चौकटीवर शब्द लिहू नका, ताणल्यावर ते विद्रूप होतात. तो निरोप पर्यायी मजकुरात लिहा.

चित्र होतं हेसुद्धा कळता कामा नये अशी अट असेल तरच खुणा काढाव्या लागतील. तेव्हा फक्त त्या ड्रॉइंगला हात लावा ज्यांच्या आत थेट "पिक्चर" प्रकार आहे, आणि मथळ्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. मथळा उडवला तर त्याकडे बोट दाखवणारे संदर्भ फील्ड अपडेट होताच एररचा मजकूर दाखवू लागतात.

टूल बांधताना, क्रमाने

पायथन आणि एलएक्सएमएल ही लायब्ररी पुरेशी आहे. इतर भाषेतही क्रम हाच राहील.

1. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फक्त वाचण्यापुरत्या खुल्या करा. टूलने मूळ जागी लिहायचं नाही, निकाल नेहमी दुसऱ्या फोल्डरमध्ये. प्रत्येक मूळ फाइलचा एसएचए-256 हॅश, म्हणजे तिच्या बाइट्सवरून निघणारा ठशासारखा आकडा, नोंदवा.

2. फाइल खरंच झिप आहे का ते तपासा. पासवर्ड लावलेला डॉक्स झिप नसतो आणि जुना डॉक प्रकारही नसतो. अशा फाइली "हाताळल्या नाहीत" या यादीत टाका. त्या न बोलता पुढे ढकलणारं टूल धोकादायक आहे, कारण शेवटी फोल्डरमध्ये फाइल दिसते आणि ती साफ झाली असा समज होतो. डिजिटल सही असलेली फाइलही वेगळी काढा. एक अक्षर बदललं तरी सही अवैध होते, तेव्हा तो निर्णय सही करणाऱ्याचा.

3. पहिली फेरी फक्त पाहणीची. पॅकेजमधली प्रत्येक रिलेशन-यादी वाचा, कुठल्याही फोल्डरमधली असो, आणि ज्यांच्या प्रकाराचं नाव "इमेज" या शब्दाने संपतं त्या नोंदी टिपा. डब्ल्यूडीपीच्या नोंदींचा आणि लघुचित्राच्या नोंदीचा प्रकार वेगळा असतो, त्यांचीही दखल घ्या. प्रत्येक चित्रासाठी फाइल, भाग, आकार आणि हॅश असा तक्ता काढा. चित्रांच्या फाइलींची आणि खुणांची संख्या जुळत नाही म्हणून घाबरू नका: एकच लोगो तीस ठिकाणी असला तरी वर्ड सहसा तो एकदाच साठवतं.

4. त्या तक्त्यावर बसून ठेवायचं काय ते ठरवा. लोगो ओळखायला हॅश उत्तम, कारण तीच फाइल रिपोर्टामागून रिपोर्टात येते. "हेडरमधलं सगळं ठेवा" हा नियम मात्र फसवा आहे, लोक सह्या आणि शिक्केही हेडरमध्ये टाकतात. डब्ल्यूएमएफ-ईएमएफची वेगळी यादी सोडली तर नियमात न बसणारं चित्र ठेवायचं नाही, काढायचं, आणि तसं नोंदवायचं.

5. आता बदल. नोंदी राखाडी पीएनजीकडे वळवा आणि कॉन्टेंट टाइप्सच्या, म्हणजे आतल्या फाइलप्रकारांच्या, यादीत पीएनजी नसेल तर ते जोडा. एसव्हीजीची आणि इफेक्टची जोड-खूण ब्लिपच्या आतून काढून टाका, त्यांच्या नोंदीही काढा. लघुचित्र काढा. पर्यायी मजकूर आणि नावं बदला. ज्या नोंदी बाहेरच्या पत्त्यावरून चित्र आणतात त्या वेगळ्या हाताळा: तिथे फाइल आत नसते, पण पत्ता असतो, आणि तो सर्व्हरचं किंवा माणसाचं नाव सांगतो.

6. नवी झिप लिहा. जुनीत भर घालू नका. पायथनच्या झिपफाइलमध्ये जोडण्याच्या पद्धतीने त्याच नावाची फाइल पुन्हा लिहिली तर जुनी आतच राहते आणि त्याच नावाच्या दोन नोंदी होतात. बहुतेक प्रोग्राम नवी दाखवतात, पण जुने बाइट्स तिथेच असतात. म्हणून कोरी झिप घ्या, हवे तेवढेच भाग कॉपी करा, आणि कुठलीही नोंद ज्याकडे बोट दाखवत नाही असा मीडियातला भाग मागे सोडा.

एक्सएमएल लिहिताना पायथनसोबत येणारं एलिमेंटट्री टाळा. ते नेमस्पेसचे, म्हणजे घटकांच्या नावांच्या गटांचे, उपसर्ग बदलून एनएस0, एनएस1 अशी नावं देतं, आणि वर्डच्या फाइलीत "इग्नोरेबल" नावाच्या गुणधर्मात जुने उपसर्ग शब्दशः लिहिलेले असतात. ते जुळले नाहीत की वर्ड फाइल उघडायला नकार देतं आणि दोष चित्रांत शोधण्यात दिवस जातो. एलएक्सएमएल उपसर्ग राखतं. फाइली अनोळखी ठिकाणाहून आल्या असतील तर त्यात बाह्य एंटिटी, म्हणजे एक्सएमएलमधून बाहेरच्या फाइली ओढून आणायची सोय, बंद करा आणि झिप डिस्कवर न उलगडता मेमरीतच वाचा.

खात्री कशी करायची

उघडून पाहणं ही खात्री नव्हे, ती फक्त सुरुवात. तीन चाचण्या टूलमध्येच बसवा.

पहिली हॅशची. नव्या फाइलमधल्या प्रत्येक भागाचा हॅश काढा. तो काढायच्या चित्रांच्या यादीत सापडला तर फाइल नापास. एम्बेडिंग्जमधल्या फाइलीही उलगडून हेच करा. दुसरी मजकुराची: मूळ आणि नव्या फाइलमधले सगळे मजकूर-घटक, टेक्स्ट बॉक्स, हेडर आणि तळटीपांसकट, ओळीने काढून ताडून पाहा. एका अक्षराचाही फरक नको. टेक्स्ट बॉक्स उडाल्याची चूक इथे लगेच पकडली जाते. तिसरी मांडणीची: लिबरऑफिस खिडकी न उघडता कमांडवरून चालवून दोन्हींची पीडीएफ बनवा आणि पानांची संख्या जुळवा.

मग माणसाने काही फाइली खऱ्या वर्डमध्ये उघडाव्यात. नमुना निवडताना सोप्या फाइली घेऊ नका. सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी, सर्वाधिक चित्रांची आणि सर्वाधिक हातांतून गेलेली फाइल घ्या. चूक असेल तर ती तिथेच असते.

पीडीएफ

रिपोर्टचा मूळ डॉक्स मिळत असेल तर तो साफ करा आणि पीडीएफ नव्याने बनवा. पीडीएफमध्ये हात घालणं हा शेवटचा पर्याय.

तो घ्यावाच लागला तर आधी पॉपलरसोबत येणाऱ्या पीडीएफइमेजेस या साधनाने यादी काढा. पारदर्शक चित्राचा मास्क वेगळं चित्र म्हणून दिसेल, त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका. पुढे दोन रस्ते आहेत. घोस्टस्क्रिप्टला सगळी रास्टर, म्हणजे ठिपक्यांची बनलेली, चित्रं गाळायचा पर्याय आहे; तो फाइल नव्याने लिहितो, पण त्यानंतर बुकमार्क, फॉर्मचे रकाने आणि टॅग शाबूत आहेत का ते पाहावं लागतं. निवडक चित्रांसाठी पायम्युपीडीएफ बरं. ते चित्राच्या जागी छोटं पारदर्शक चित्र ठेवतं, म्हणजे वरचीच युक्ती.

सेव्ह करतानाची खाच महत्त्वाची आहे. पीडीएफमध्ये बदल फाइलच्या शेवटी जोडत जाण्याची सोय आहे आणि तशी सेव्ह केली तर जुनं चित्र आत राहतं. नव्या नावाने, पूर्ण पुनर्लेखन करून, न वापरलेल्या वस्तू काढून टाकण्याचा पर्याय चालू ठेवूनच सेव्ह करा. चित्रावर काळा आयत ठेवणं म्हणजे काढणं नव्हे, आयत उचलला की खाली चित्र आहेच.

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पानच चित्र असतं. तिथे हे टूल चालवलं तर कोरी पानं हाती येतात, आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, झालेलं असेल तर त्यामागचा अदृश्य मजकूर मात्र राहतो. म्हणजे नेमकं उलटं. अशा फाइली ओळखून बाजूला काढा.

एक्सेल, ओडीटी, एचटीएमएल

एक्सेलची रचना डॉक्ससारखीच आहे, मीडिया फोल्डर "एक्सएल" फोल्डरमध्ये असतं. सेलच्या आत ठेवलेल्या नव्या प्रकारच्या चित्रांच्या नोंदी मात्र रिचडेटा फोल्डरमध्ये असतात. ओपनपायएक्सएल या लायब्ररीने फाइल उघडून नुसती सेव्ह केली तरी तिला न समजणारे आकार गळतात, म्हणून इथेही झिप थेट हाताळणं बरं. लिबरऑफिसच्या ओडीटी प्रकारात चित्रं "पिक्चर्स" फोल्डरमध्ये असतात, मॅनिफेस्ट या आतल्या फाइलींच्या यादीतली नोंदही बदलावी लागते, आणि माइमटाइप नावाची फाइल झिपमध्ये पहिली आणि न दाबलेली असावी लागते. एचटीएमएल रिपोर्टात चित्र बेस64 मजकूर म्हणून, म्हणजे बाइट्सची अक्षरं करून, पानातच लिहिलेलं असू शकतं, मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त जागा घेत. ते पार्सरने शोधा. शिवाय ते सीएसएसच्या पार्श्वभूमीतही लपलेलं असू शकतं.

फाइली पाठवण्याआधी

साफ फाइल मूळ नावाने त्याच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. क्लाउड साठवणुकीत जुन्या आवृत्त्यांचा इतिहास असतो आणि आवृत्ती पाहण्याचा हक्क असलेल्याला चित्रांसह जुना रिपोर्ट दोन क्लिकमध्ये मिळतो. नवं नाव, नवं फोल्डर, नवी लिंक.

टूलची नोंदवहीही तपासा. तिच्यात जुना पर्यायी मजकूर, मूळ फाइलनावं किंवा लघुचित्रं उतरली असतील तर काढलेली माहिती तुम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पाठवत आहात. नोंदवहीत फाइल, भाग, हॅश आणि केलेली कृती एवढंच ठेवा, आणि ती रिपोर्टांसोबत न पाठवता मूळ फाइलींशेजारी ठेवा.